एका जागेसाठी दोघी

आमच्या घरी कन्नड पेपर यायचा तो एकट्या वहिनीसाठी. अण्णा, म्हणजे माझे वडील, दुकानात बसून मराठी पेपर वाचायचे. तो बेळगावहून यायचा आणि दुपार कलल्यावर हातात पडायचा. मोठा भाऊ, दादा, वाचला तर बाजारभाव वाचायचा. मी कन्नड घडाघडा बोलायचे, भाजीवालीशी कन्नडमधून भांडायचे, पण वाचायला बसले की प्रत्येक अक्षराला अडायचे. राज्याच्या हद्दी बदलून आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्याच सुमाराला मला मराठी शाळेत घातलं होतं. कन्नड विषय होता, पण आम्ही मुली तो कसाबसा पार पाडायचो. पुढं गावातच विद्यानगरला कॉलेज झालं ते इंग्रजीतून. त्यामुळं हुबळीत जन्मून, हुबळीत वाढूनही रस्त्यावरच्या पाट्या मी निम्म्या अंदाजानं वाचत होते.

वहिनीचं तसं नव्हतं. ती धारवाडची, सप्तापूरची. माहेरी बोलणं मराठी, पण शाळा कन्नड आणि आजूबाजूला सगळी कॉलेजची माणसं. ती बी.ए. झालेली होती, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी. लग्न होऊन आमच्या घरी आली आणि स्वयंपाकघरात शिरली. मूलबाळ अजून नव्हतं. दुपारची झाकपाक झाली की ती ओट्याला टेकून खाली बसायची आणि पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

अशाच एका दुपारी तिनं मला हाक मारली.

"इकडं ये. तुझ्याजोगं काहीतरी आलंय."

उणकलच्या बाजूला पंपांचा एक नवा कारखाना निघाला होता. त्यांना ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर हवी होती. पदवीधर बाई, कन्नड, इंग्रजी आणि मराठी किंवा हिंदी बोलणारी. जागा एकच होती. वहिनीनं मला वाचून दाखवलं आणि अर्थही सांगितला, कारण मला त्यातला निम्माच कळला होता.

मला नोकरी हवी होती आणि ती लवकर हवी होती. बी.ए.चा निकाल लागल्यापासून घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. मिरजेकडचं एक स्थळ आईला फार पसंत होतं. मुलाचं तांब्यापितळेचं दुकान होतं, आमच्यासारखंच. मी अण्णांकडं हट्ट धरला होता की मला आधी काहीतरी करून बघू द्या. अण्णा फार बोलणारे नव्हते. त्यांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या एवढंच सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत बघ. दिवाळीनंतर पाहुण्यांना या म्हणून कळवणार." गणपती होऊन गेले होते. म्हणजे दिवाळी काही लांब नव्हती.

मी अर्ज लिहायला घेतला आणि वहिनीनं माझी तयारी करून घ्यायला घेतली.

टेलिफोन आमच्या दुकानात होता, पण मी तो कधी उचललेला नव्हता. अण्णा किंवा दादा बोलायचे, तेही ओरडून, जणू पुण्याच्या व्यापाऱ्यानं मधल्या तारेशिवायच ऐकायला हवं. वहिनी म्हणाली, "आधी ओरडायचं नाही हे शीक." तिनं मला माजघरात बसवलं, मधलं दार लावून घेतलं आणि स्वतः स्वयंपाकघरात राहिली. एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, फक्त आवाज. ती पलीकडून दारावर टिचकी मारायची, म्हणजे घंटा वाजली. मी म्हणायचे, "हॅलो, नमस्कार." आणि पलीकडून कोण बोलेल ते मला ठाऊक नसायचं.

कधी बेंगळूरचा साहेब असायचा, घाईत, इंग्रजी बोलणारा. कधी सांगलीचा व्यापारी, जो आधी पाऊसपाण्याची चौकशी करायचा आणि मग कामाचं बोलायचा. कधी नवलगुंदकडचा शेतकरी, पंपाचे पैसे भरून पंप न आलेला, फणफणलेला. "यार्री माताडोदु? नन्न पंप एल्लैति?" कोण बोलतंय, माझा पंप कुठाय, असं तो असं काही गरजायचा की पहिल्या वेळी मी दार उघडून खरंच आत कोणी आलंय का ते पाहिलं. आत वहिनी एकटी होती. एका हातात परात, दुसऱ्या हातानं पदर सावरत ती हसत होती.

"घाबरतीस काय? तो रागावलाय, पण तुझ्यावर नाही. 'स्वल्प तडीरी' म्हण. थांबा म्हणायचं, पण गोडीनं. हं, परत."

परत टिचकी. परत मी. कन्नड मी चांगली बोलायचे, पण ती बाजारातली, अंगणातली. अनोळखी माणसाशी अदबीनं बोलायची कन्नड वेगळी होती आणि ती माझ्या तोंडात बसत नव्हती. वाचनाचंही तेच. रोज ती मला पेपरातला एक मजकूर मोठ्यानं वाचायला लावायची. जोडाक्षर आलं की मी थांबायचे, ती वाट बघायची, सांगायची नाही.

पाचसहा दिवस असे गेल्यावर एका दुपारी मला एक गोष्ट जाणवली. आम्ही जागा बदलल्या होत्या. ती म्हणाली होती, "आज तू शेतकरी हो, मी ऑपरेटर. ऐक कसं बोलायचं ते." मी स्वयंपाकघरातून जमेल तेवढी तणतण केली. दाराच्या पलीकडून तिचा आवाज आला. तो आमच्या वहिनीचा आवाज नव्हता. आमच्या घरात वहिनी हळू बोलायची, वाक्य अर्धं सोडायची. हा आवाज सावकाश होता, स्पष्ट होता, आणि तो ऐकताना मला उगाचच वाटलं की या बाईच्या हाती आपलं काम सोपवलं तर ते होईल. मी पुढचं भांडण विसरले. पलीकडून तीच म्हणाली, "हेळ्री, केळताइदीनि." सांगा, ऐकतेय.

मी दार उघडलं. ती पाटावर ताठ बसली होती, मांडीवर हात ठेवून. तिच्या तोंडावर जे होतं ते मी तोवर कधी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा अर्ज टाकलास?"

"उद्या टाकते."

"मग माझा पण टाक."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. मी हसले. ती हसली नाही.

"तुम्हाला कशाला हवी नोकरी?" मी विचारलं. "तुमचं तर सगळं..." पुढचा शब्द मला सापडेना.

"सगळं काय?" तिनं तांदळातून हात काढला. "मला कळतंय तुला राग येणार. दिवाळीचं पण मला ठाऊक आहे. पण तुला शिकवताना रोज मला वाटतंय, हे मला येतं. मला काय येतं हे आजवर या घरात कुणी विचारलं नाही. मी न सांगता केलं असतं तर वाईट झालं असतं, म्हणून सांगतेय."

मी उठून बाहेर गेले आणि दुकानापर्यंत चालत जाऊन तशीच परत आले. मला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. त्या दारापलीकडचा आवाज मी ऐकला होता. तिच्यासमोर मी उभी राहणार होते आणि जागा एक होती.

घरात सांगायचं काम तिनं स्वतःच केलं. जेवणं झाल्यावर, अण्णा सुपारी कातरत होते तेव्हा. आईच्या हातातलं ताट तिथंच थांबलं.

"सुनेनं फोनवर बसायचं? परक्या पुरुषांशी बोलत?" आई म्हणाली. "आणि लेकीच्या ताटातलं ओढून?"

"आई, मी ओढत नाही. अर्ज करतेय."

दादा म्हणाला, "मला आधी सांगायचंस."

"परवा सांगितलं तुम्हाला. तुम्ही 'बघू' म्हणालात."

तिनं त्याला सांगितलं होतं हे खरंच असावं, कारण त्याचे कान लाल झाले. सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि आयुष्यभर गिऱ्हाईक सांभाळलेल्या माणसानं बोलावं तसं बोलले.

"एका घरातनं दोन अर्ज गेले तर एकाला तरी यश येईल. नाहीच आलं तर दोघी घरातच आहेत. जाऊ देत."

आई त्या दिवसापासून वहिनीशी कामापुरतं बोलू लागली. मीही जवळजवळ तसंच.

पण तयारी थांबली नाही. हे मला आजही नवल वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माजघरात तोंड पाडून बसले होते तर दारावर टिचकी पडली. मी उत्तर दिलं नाही. परत पडली. मग तिसऱ्यांदा, जोरात. मी चिडून म्हणाले, "हॅलो!" पलीकडून बेंगळूरचा साहेब इंग्रजीतून म्हणाला की ही कसली बोलायची रीत. मी उठून दार ढकललं.

"तुम्ही मला कशाला शिकवताय आता? तुमचा काय फायदा?"

"फायदा नाही," ती म्हणाली. "तू कच्ची राहिलीस आणि मला मिळाली, तर मला ती घेववायची नाही. चल, वाच."

तिनं पेपर पुढं केला. मी वाचला. त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण मजकूर न अडता वाचला, रागाच्या भरात. तिनं शाबास म्हटलं नाही. पान उलटून दुसरा मजकूर दाखवला.

मुलाखतीची बोलावणी दोघींना एकाच दिवसाची आली. सकाळी आम्ही दोघी एकाच आरशासमोर उभ्या राहून तयार झालो. मी कॉलेजच्या निरोपसमारंभाची फिकट निळी साडी नेसले, ती माहेरची एक साधी इरकल. तिच्या निऱ्या चापूनचोपून होत्या, माझ्या पुन्हापुन्हा सुटत होत्या. शेवटी तीच खाली बसली आणि माझ्या निऱ्या नीट करून दिल्या. आईनं माझ्या हातावर दही ठेवलं. वहिनी दारात उभी होती. आई क्षणभर थांबली आणि मग तिच्याही हातावर ठेवलं, पण तिच्याकडं न बघता.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. उणकलचं तळं आलं तसे माझे हात गार पडले. मी मनातल्या मनात "नमस्कार, हेळ्री" घोळवत होते आणि ते जितकं घोळवावं तितकं निरर्थक वाटत होतं. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या ओठांचीही हालचाल होत होती. म्हणजे तीही घाबरलेली होती. हे कळून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून परत वाईट वाटलं.

कारखान्याच्या ऑफिसाला अजून रंगाचा वास येत होता. व्हरांड्यात बाकावर आणखी मुली बसल्या होत्या. एकीनं केसांना सुगंधी तेल लावलं होतं, एकीबरोबर तिचे वडील आले होते आणि ते सारखे तिला पाणी देत होते. शिपाई दार उघडून नाव पुकारायचा. दार बंद झालं की आतलं काही ऐकू येत नसे, पण वरची झडप उघडी होती, त्यातून मधूनच कोणाचं तरी हसणं नाहीतर ओरडणं यायचं. ओरडणं ऐकून बाकावरच्या सगळ्याजणी एकमेकींकडं बघायच्या. एक मुलगी रडत बाहेर आली आणि कोणाशी न बोलता निघून गेली.

माझं नाव आधी आलं.

आत तिघे होते. मधले वयस्कर गृहस्थ कन्नड बोलत होते, एकजण इंग्रजी. तिसरा तरुण होता, तो काहीच बोलला नाही. शिक्षण, घर, वडील काय करतात, हे सगळं मी नीट सांगितलं. इंग्रजी उत्तरं चांगली गेली, ते माझं मलाच कळत होतं. मग वयस्कर गृहस्थांनी एक कन्नड पत्र पुढं ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. पहिल्या चार ओळी गेल्या. पाचव्या ओळीत एक मोठं जोडाक्षर होतं. मी थांबले. घरी थांबायचे तेव्हा वहिनी वाट बघायची. इथंही तिघे वाट बघत होते. मी ते अक्षर चुकीचं वाचून पुढं गेले आणि पुढची ओळही घसरली.

"असू दे," गृहस्थ म्हणाले. ते चिडले नव्हते आणि त्यामुळंच मला जास्त लागलं.

मग मला शेजारच्या छोट्या खोलीत बसवलं. टेबलावर काळा टेलिफोन. तो वाजला. मी उचलला, नमस्कार म्हटलं. आधी इंग्रजी, ते जमलं. दुसऱ्यांदा वाजला तर पलीकडून कोणीतरी खेड्यातल्या कन्नडमधून असं तोंड सोडलं की मला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला. मघाचा तो गप्प बसलेला तरुण असणार. पंप आला नाही, पीक वाळलं, तुम्ही चोर आहात, तुमच्या साहेबाला बोलवा. हेच मी घरी कितीतरी वेळा ऐकलं होतं. काय म्हणायचं ते मला तोंडपाठ होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, थांबा हो जरा! मला बोलू तरी द्या!"

मराठीत. तेही वरच्या पट्टीत, अगदी अण्णा दुकानातून ओरडतात तसं.

पलीकडं एकदम शांत झालं. मग हसण्याचा आवाज आला. मी सावरले, कन्नडमधून माफी मागितली, निरोप लिहून घेते म्हणाले, पण ते सगळं वेळ गेल्यावरचं होतं. बाहेर पाठवताना गृहस्थ म्हणाले, "तुझा आवाज चांगला आहे, बाळ." म्हणजे काय ते मला समजलं.

व्हरांड्यात आले तर वहिनीचं नाव पुकारलं जात होतं. ती उठून उभी राहिली होती. मी तिच्याजवळ गेले. आतलं ओरडणं कशाचं होतं हे मला आता ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. सांगावं की नाही, असा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. पण मी तोंड उघडलं. "आत एकजण..." एवढंच म्हणाले.

तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सांगू नकोस," ती म्हणाली. "मला अशीच जाऊ दे."

दार बंद झालं. मी बाकावर बसले. बराच वेळ झडपेतून काही आलं नाही. मग त्या तरुणाचा ओरडण्याचा आवाज आला, मघासारखाच. ती जिंकावी असं मला वाटत होतं की हरावी, हे मी त्या वेळी सांगू शकले नसते. ओरडणं चढत गेलं, मग मधेच थांबलं, मग परत आलं पण जरा खाली. मग तो नुसता बोलत होता. मग बराच वेळ तो ऐकत असावा, कारण काहीच आवाज नव्हता. आणि शेवटी तिघंही हसले. माझ्या वेळचं हसणं निराळं होतं.

ती बाहेर आली तेव्हा मी तिला काही विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये ती एकदाच बोलली. "तुझ्या निऱ्या शेवटपर्यंत राहिल्या बघ."

आठवड्याभरानं तिला कामावर रुजू व्हायचं पत्र आलं. मला आलं नाही. दादानं ते दुपारी घरी आणलं आणि तिच्या हातात दिलं. वाचून तिनं ते घडी घालून कंबरेला खोवलं आणि मी होते तिथं, मागच्या अंगणात आली. मी कपडे वाळत घालत होते.

"मला घेतलंय," ती म्हणाली. "तू नको म्हणालीस तर..."

"तर जाणार नाही?" मी वळले. माझा आवाज मला आवरत नव्हता. "मी नको म्हटलं तर तुम्ही खरंच जाणार नाही?"

ती हळूच म्हणाली, "नाही. जाणारच. पण विचारायला हवं, म्हणून विचारत होते."

मला रडू येत होतं, पण ते उत्तर ऐकून हसूही आलं. ती खोटं बोलली असती तर मला फार सोपं गेलं असतं. मी ओला टॉवेल तिच्या अंगावर भिरकावला. तिनं तो झेलला आणि दोरीवर टाकला. आम्ही उरलेले कपडे मिळून वाळत घातले.

खरा ताण त्यानंतर सुरू झाला. दिवाळी झाली. आईनं मिरजेचा विषय काढला. अण्णा म्हणाले, "मुदत संपली. आणि आता सून बाहेर जाणार म्हटल्यावर घर कोण बघणार? लग्न ठरेपर्यंत हिनं स्वयंपाकाचं बघावं." त्यांचं बोलणं त्यांच्या हिशेबानं बरोबर होतं. वहिनी वाढत होती. ती हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "अण्णा, सकाळचा स्वयंपाक मी करून जाईन. संध्याकाळचा येऊन करीन. माझ्यामुळं हिची मुदत कमी व्हायला नको. ती उन्हाळ्यापर्यंत वाढवा."

सासऱ्यासमोर तिनं एवढं सलग बोललेलं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. आई काही म्हणणार होती. अण्णांनी हात वर केला.

"कारखान्यात रात्रीचं काम आहे का?"

"नाही."

"मग उन्हाळ्यापर्यंत," अण्णा म्हणाले आणि पाणी प्यायले.

ती बोलली तसं वागली. पहाटे उठून भाजीभाकरी करून ठेवायची आणि बस पकडायची. महिनाभरात ती सुकली. मग एके दिवशी मी तिच्या आधी उठले आणि पीठ मळायला घेतलं. ती म्हणाली, "तू अभ्यास कर." मी म्हणाले, "भाकरी थापताना पण वाचता येतं." खरंच मी तसं केलं. ती भाजी परतायची, मी समोर पेपर उभा करून भाकरी थापत मोठ्यानं वाचायचे. आई देवघरातून ओरडायची की सकाळी सकाळी देवाचं नाव घ्या, बाजाराच्या बातम्या काय वाचता.

उन्हाळ्याआधी धारवाडला एका कॉलेजच्या ऑफिसात जागा निघाली. मी एकटीच गेले. बसमध्ये मागच्यासारखे हात गार पडले नाहीत. तिथंही कन्नड पत्र वाचायला दिलं. जोडाक्षरं आली. एका ठिकाणी मी अडले तेव्हा थांबून सरळ म्हणाले, "हा शब्द मला वाचता येत नाही, सांगता का?" मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सांगितला. मी पुढं वाचलं. मला घेतलं.

मिरजेच्या मुलाचं लग्न तोवर दुसरीकडं जमलं होतं. आईला त्याची हळहळ बरीच वर्षं होती. माझं लग्न पुढं धारवाडलाच झालं. तोवरही आई वहिनीशी नीट बोलायला लागली नव्हती. कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. एकदा माहेरी आले तर आई तिला कारखान्यातल्या कुठल्याशा साहेबाच्या मुलीच्या बारशाबद्दल विचारत होती आणि सगळ्यांची नावं आईला पाठ होती.

वहिनी त्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत होती. एकदा, दोघींची मुलं मोठी झाल्यावर, आम्ही धारवाडच्या बसची वाट बघत उभ्या होतो. मी तिला इतक्या वर्षांनी विचारलं, "तेव्हा माझी जागा घेतली म्हणून तुम्हाला कधी वाईट वाटलं का?"

"वाटलं ना," ती म्हणाली. "पहिला महिनाभर रोज वाटायचं. पण टेलिफोनच्या बोर्डावर बसलं की घंटा वाजायची, मग विसरायचे." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आणि ती जागा काही तुझी नव्हती."

"नव्हती," मी म्हणाले.

बस आली. गर्दी होती, तिनं आधी चढून खिडकीशी जागा धरली आणि मला पिशव्या आत घ्यायला सांगितलं.